टिंबानंतरची तीन अक्षरं

"काका, परत लाल झालं," वृषाली म्हणाली.

पडद्यावर मधोमध लाल पट्टी आली होती. अवैध फाईल प्रकार, फक्त पीडीएफ जोडावी. तिसऱ्यांदा आली होती. मे महिन्यातला गुरुवार, दुपारचे चार वीस. पाच वाजता ते सरकारी पोर्टल बंद होणार होतं, आणि ते बंद झालं की वृषालीला पुन्हा नंदुरबारच्या डोंगरात जाऊन बसावं लागणार होतं.

वृषाली नलवडे ही आमच्या समोरच्या घरातली सून. जिल्हा परिषदेची शिक्षिका, पण शाळा धडगावच्याही पुढे. आमच्या गडहिंग्लजहून तिथं पोचायला दीड दिवस लागायचा. शेवटचा टप्पा जीप मिळाली तर जीपने, नाहीतर पायी. नवरा प्रमोद इथंच, जवळच्या एका खेड्यात आरोग्यसेवक. तीन वर्षांची रेवा आजीजवळ. त्या वर्षी आंतरजिल्हा बदल्यांचे अर्ज निघाले होते आणि नवरा-बायकोला एका जिल्ह्यात आणायची सोय होती. त्यासाठी नवऱ्याच्या नोकरीचा दाखला जोडायचा होता. एकच कागद, पण तो मिळायला शेवटच्या दिवसाचे अडीच वाजले, कारण शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली रजेवर होती.

गावातल्या दोन्ही सायबर कॅफेंसमोर शिक्षकांची रांग रस्त्यावर आली होती. म्हणून दाखल्याचा मोबाइलवर फोटो काढून ती माझ्याकडे धावत आली. आमच्या गल्लीत घरी संगणक आणि भरपूर रिकामा वेळ असलेला मनुष्य मीच. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो होतो. त्याखेरीज कोल्हापूरच्या एका दैनिकात दर रविवारी 'उलटी चप्पल' नावाचं विनोदी सदर लिहायचो, चोवीस वर्षं. गावात मला ओळखत ते त्या चपलेमुळे. पाटबंधाऱ्यामुळे कोणी ओळखावं असं मी तिथं काही केलं नव्हतं.

"काय म्हणतंय काय ते?" दारातून नलवडे आक्कांनी विचारलं. आक्का म्हणजे वृषालीच्या सासूबाई. त्या संगणकाच्या खोलीत यायच्या नाहीत, उंबऱ्यावर उभ्या राहूनच बोलायच्या.

"फोटो नको म्हणतंय, आक्का. कागद पाहिजे म्हणतंय."

"मग कागदाचाच फोटू हाय न्हवं त्यो? शिक्का दिसतोय, सायबाची सही दिसतीया. आनि काय पायजे त्येला?"

"एवढं कळलं असतं तर ते सरकार कशाला झालं असतं?"

आक्का पदर तोंडाला लावून हसल्या. वृषाली हसली नाही. तिच्या कडेवर रेवा होती आणि रेवाचा एक हात माझ्या कीबोर्डकडे लांबत होता.

"काका, झेरॉक्सवाल्याकडे जाऊन स्कॅन करून आणू का?"

"त्याच्याकडे किती जण आहेत?"

"चाळीस तरी असतील."

"मग सोमवारपर्यंत नंबर लागेल. थांब. जरा विचार करू दे."

विचार करायची मला सवय नव्हती, पण कोणी बघत असलं की मी तसा चेहरा करू शकायचो. आणि त्या दिवशी खरंच एक गोष्ट आठवली. आठवडाभरापूर्वी पेपरातल्या एका चौकटीत वाचलं होतं की फाईलच्या नावानंतर एक टिंब असतं आणि टिंबानंतर तीन अक्षरं. आपल्याला ती एरवी दिसत नाहीत, संगणक झाकून ठेवतो. पण वरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन एका चौकोनात टिकमार्क केली, की सगळ्या फाईलींची शेपटं बाहेर येतात. ती अक्षरं बघून संगणक ठरवतो की आत चित्र आहे, गाणं आहे की पत्र.

मी टिकमार्क केली. शेपटं बाहेर आली. दाखल्याच्या मागं होतं टिंब जेपीजी.

"बघ," मी म्हणालो. "ह्याचं नुसतं जेपीजी खोडायचं आणि पीडीएफ लिहायचं. विषय संपला."

"असं चालतं, काका?"

"अगं, सरकारी पोर्टल म्हणजे फाटकावरचा शिपाई. तो गणवेश बघतो. आत कोण आहे ते बघायला त्याला कोणी नेमलेलंच नसतं."

तेवढ्यात प्रमोदचा फोन आला. वृषाली रेवाला घेऊन दाराकडे गेली. "होय हो, चाललंय. काका करतायत... नाही, पाचपर्यंत आहे..." मी नाव बदललं आणि एंटर दाबलं. पडद्यावर एक छोटी चौकट उघडली. तीत इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं, खाली 'होय' आणि 'नाही'ची बटणं.

"काय म्हणतोय, काका?" फोनवर हात ठेवून तिने विचारलं.

"खात्री आहे का, असं विचारतोय."

"मग?"

"मला नेहमीच असते," मी म्हणालो आणि 'होय' दाबलं.

फाईल जोडली. निळी रेघ सरकत सरकत टोकाला गेली, क्षणभर थबकली, आणि लाल पट्टीच्या जागी हिरवी बरोबरची खूण उमटली. अर्ज यशस्वीरीत्या सादर. चार वाजून एकेचाळीस मिनिटं.

वृषाली खुर्चीच्या मागंच खाली बसली, फरशीवर. नंतर उठून माझ्या पाया पडली. रेवालाही पडायला लावलं, तिने वाकल्या वाकल्या माझी चप्पल पळवली.

"जूनमध्ये हिला बालवाडीत घालायचंय," वृषाली म्हणाली. "आता मीच सोडायला जाईन, काका. पहिल्या दिवशी. रडली तर मला रडलेली दिसेल तरी."

"आन् न्हाई रडली तर तूच रडशील," आक्का उंबऱ्यावरून म्हणाल्या.

मी अर्जाची प्रत आणि ती फाईल तिच्या पेनड्राइव्हवर घालून दिली, आठवण म्हणून. मग ती गेली. कुसुमने, म्हणजे माझ्या बायकोने, आल्याचा चहा ठेवला. तो पीत पीत मी वही ओढली आणि संध्याकाळच्या आत त्या रविवारचं सदर लिहून संपवलं. एरवी एका लेखाला मला दोन दिवस आणि कुसुमचे चार टोमणे लागायचे. हा एका बैठकीत उतरला.

मथळा होता 'आम्ही पीडीएफ होतो'. त्यात मी वृषालीचं नाव 'एक गुरुजीबाई' एवढंच ठेवलं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं. सरकारला तीन अक्षरांत कसं गंडवलं, ते. पुढे मी सुचवलं होतं की हीच युक्ती नगरपालिकेने वापरावी. खड्ड्याच्या फाईलमागं 'रस्ता' लावा, रस्ता तयार. कोरड्या नळामागं 'पाणी' लावा. माझ्यासारख्या माणसामागं 'विचारवंत' लावा. पोर्टल तेवढंच बघतं, आणि पोर्टलच देश चालवतं.

फार जमला होता तो लेख. आजही जमलेलाच आहे, तेच तर दुखणं आहे.

शुक्रवारी टीव्हीवर आलं की गर्दीमुळे पोर्टल अनेकांना उघडलं नाही, म्हणून अर्जाची मुदत सोमवारी पाचपर्यंत वाढवली आहे आणि भरलेल्या अर्जात दुरुस्तीही करता येईल. शनिवारी सकाळी बेळगावहून माझ्या भाचीचा फोन आला. ते पुढे सांगतो.

रविवारी लेख छापून आला. साडेसातला पहिला फोन वाजला आणि मग दुपारपर्यंत वाजतच राहिला. निपाणीहून एक मुख्याध्यापक, आजऱ्याहून एक पोस्टमास्तर, कोण कोण. संपादकांचा स्वतःचा फोन आला. चोवीस वर्षांत तो दोनदाच आला होता, आणि पहिल्यांदा आला होता तेव्हा माफी मागायला लावायला आला होता. भाजी आणायला गेलो तर कोथिंबीरवाली म्हणाली, "काय ओ पीडीएफ, आज जुडी न्यायची का पेंडी?" आमच्याकडे दोन्ही एकच.

अकराला वृषाली पेपर घेऊन आली. दुसऱ्या हातात डबा होता, खपली गव्हाच्या खिरीचा.

"काका, मी मोठ्यांदा वाचून दाखवला घरात. आक्का हसून हसून खोकायला लागल्या. 'एक गुरुजीबाई' म्हणे! नाव टाकायला काय झालं होतं?"

"नाव टाकलं असतं तर तुझी बदली मंगळावर झाली असती."

हसत हसतच ती म्हणाली, "आमच्या ग्रुपवर सर म्हणत होते, सोमवारपर्यंत दुरुस्ती करता येते. आपलं बरोबर आहे ना, काका? एकदा उघडून बघू या का?"

कुसुम खिरीचा डबा रिकामा करत होती. तिचा चमचा थांबला.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "हिरवी खूण आलीय ना?"

"आली की."

"मग झालं तर."

सोमवारी दुपारी सव्वाचारला मी शर्ट बदलला आणि समोर गेलो. एका कामासाठी गेलो होतो. पाहतो तर आक्कांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, दहा-बारा माणसं. वृषालीच्या माहेरच्या मावश्या, तिच्याबरोबर डीएड केलेल्या दोन शिक्षिका, शेजारपाजारचे. एक शिक्षिका माझाच लेख मोठ्यांदा वाचत होती, आणि नेमकी विचारवंतापाशी आली होती. मी दारात दिसल्यावर सगळे टाळ्या वाजवायला लागले.

"हेच ते काका!" वृषाली ओरडली. "सरकारला टोपी घातलेले!"

मला मधल्या खुर्चीत बसवलं. चहा आला, चिवडा आला. वृषालीने रेवाला माझ्या मांडीवर ठेवून फोटो काढला. "काका, हसा की जरा. एरवी सगळ्यांना हसवता." मी हसलो. एका मावशीने विचारलं, "तुमास्नी सुचतं तरी कसं ओ एवढं?" मी म्हणालो, "मला सुचत नाही, सरकार पुरवतं." पुन्हा हशा झाला. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी दोन-तीनदा बघितलं. साडेचार झाले. पावणेपाच झाले. मग मी उठलो आणि घरी आलो.

"झालं?" कुसुमने विचारलं.

"गर्दी होती."

ती आत गेली आणि दुपारची भांडी पुन्हा घासायला लागली, जी तिने एकदा घासली होती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यादी लागली. वृषालीच्या नावापुढे लिहिलं होतं : अपात्र. जोडलेला दाखला वाचता येत नाही.

प्रमोद दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आला. तिथल्या टेबलावरच्या माणसाने त्याला सांगितलं की कागद नीट आलेला नाही, आता पुढच्या फेरीला बघा. पुढची फेरी कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एक निष्कर्ष काढला, आणि तो वृषालीने सगळ्यांत आधी काढला. घाईघाईत फोटो काढताना तिचा हात हलला असणार.

"माझंच चुकलं," आमच्या ओसरीवर बसून ती म्हणाली. "रेवा पाय ओढत होती. दाखला पुसट आला असेल. तुम्ही एवढं केलं, काका, आणि मला मेलीला एक फोटो नीट काढता आला नाही."

मी तिला पाणी दिलं. त्या दिवशी मी तिला जे काही दिलं, ते एवढंच.

पंधरा जूनला ती पहाटेच्या गाडीने गेली. रेवाला बालवाडीत सोडायला आक्का गेल्या. रेवा रडली नाही म्हणे.

पुढची फेरी यायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांतलं मी फार सांगत नाही, समोरच्या घरात राहून जेवढं दिसलं तेवढंच सांगतो. रोज संध्याकाळी सातला, डोंगरात रेंज असली तर, वृषालीचा व्हिडिओ कॉल यायचा आणि रेवा मोबाइल घेऊन गल्लीभर फिरायची. "मम्मा, हे हुक्केरी आजोबा. मम्मा, हे कुत्रं." हुक्केरी म्हणजे मी. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत वृषाली घरी आली, त्या दिवशी सातला रेवा मोबाइल घेऊन ओसरीवर येऊन बसली. वृषाली तिच्याशेजारीच बसलेली. रेवा म्हणाली, "थांब, आता माझ्या मम्माचा फोन येणार आहे."

वृषाली उठली, आत गेली, आणि आतून तिने फोन लावला. रेवाने उचलला. दोघी दहा मिनिटं बोलल्या, एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून. हे मी आमच्या खिडकीतून बघितलं. ते बघितल्यावर मी सदर बंद केलं. संपादकांना प्रकृतीचं कारण सांगितलं. प्रकृती उत्तम होती.

आणखी एक सांगायला हवं. आक्कांनी त्या फोटोचा विषय सोडला नाही. पाहुण्यांसमोर, लग्नात, कुठंही. "आमची शिकल्याली सून! एक फोटू नीट काढता येईना. चार वरीस पोर आईबिगार वाढली." वृषाली मान खाली घालून ऐकायची. प्रमोदही रागावला की तेच म्हणायचा, तुझा हात हलला. आमच्या स्वयंपाकघरात ते सगळं ऐकू यायचं. कुसुम तेव्हा माझ्याकडे बघायची आणि मी पेपरकडे. ती माझं लिहिलेलं पहिल्यापासून वाचत आली होती. त्या जूननंतर तिने काही वाचलं नाही.

शेवटी बदली झाली. वृषाली आमच्याच तालुक्यात आली, शाळा घरापासून सहा किलोमीटरवर. पेढे घेऊन आली तेव्हा कुसुमने तिला मिठी मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तरी जा." वृषालीला वाटलं, पेढा घेऊन देवाकडे जा असं ती मला सांगतेय.

मी गेलो, पण आणखी दोन महिन्यांनी. रविवार होता. आक्का आणि प्रमोद कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. रेवा आता सात वर्षांची, पुढच्या दाराच्या पायरीवर बसून पुठ्ठ्याचं घर चिकटवत होती. वृषालीने मला सोप्यात बसवलं आणि चहा टाकला. पूर्वीपेक्षा बारीक झाली होती. बोलताना मध्येच कान देऊन ऐकायची, लांबून जीप येते का हे बघणाऱ्या माणसासारखी.

मी हवापाण्याचं बोललो, तिच्या शाळेचं विचारलं. पटसंख्येवर एक विनोद केला, तो जमला नाही. मग म्हणालो, "वृषाली, तो त्या वेळचा दाखला..."

"जेपीजी होता," ती म्हणाली.

माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला नाही, तसाच धरून राहिलो.

"मला माहिती आहे, काका. दुसऱ्या वर्षीच कळलं, दिवाळीच्या आधी. आमच्या शाळेला दोन संगणक मिळाले आणि तालुक्याला माझं प्रशिक्षण झालं. तिथं शिकवलं की नाव बदलून फाईल बदलत नाही, नुसती पाटी बदलते. मला तुमच्या पेनड्राइव्हची आठवण झाली. म्हणजे माझ्याच, तुम्ही भरून दिलेल्या. शाळेत जाऊन ती फाईल उघडली. उघडेना. मग पीडीएफ खोडून परत जेपीजी केलं."

"आणि?"

"उघडली की! रेघ न् रेघ स्वच्छ. शिक्क्यातली गोल अक्षरंसुद्धा वाचता येत होती." ती हसली. "माझा हात नव्हता हो हलला, काका."

"मग घरात सांगितलं नाहीस? आक्का एवढं बोलत होत्या... प्रमोद..."

"काय सांगू? काकांनी केलं म्हणून? आक्कांनी तुमच्या दारात येऊन गोंधळ घातला असता. तुम्ही मदत करायला बसला होता. मी तुमच्याकडे आले, तुम्ही माझ्याकडे नव्हता आला. तुम्हाला तरी काय ठाऊक होतं? चुकून झालं. राहू दे म्हटलं, मला बोलतायत तर बोलू देत. मला ऐकायची सवय आहे, तुम्हाला नाही."

बाहेर रेवाने विचारलं, "मम्मा, खिडकी कापू का?" वृषाली म्हणाली, "काप. बोट नको कापू."

मी तेव्हा उठायला हवं होतं. थोडा वाकून, दोन्ही हात जोडून, डोळ्यांत थोडं पाणी आणून, माफी घेऊन घरी जायला हवं होतं. ती स्वतःहून देत होती. कोणत्याही शहाण्या माणसाने घेतली असती, आणि मी तर जन्मभर शहाण्यातच मोडत आलो होतो. पण तिने पुढचं बोलायला सुरुवात केली.

"एक गंमत सांगू? मी परत जेपीजी करायला गेले ना, तेव्हा त्याने मलापण विचारलं. ती चौकट येते बघा. त्यात दोन वाक्यं असतात, काका. पहिलं, नाव बदललं तर फाईल निकामी होऊ शकते. आणि दुसरं, खात्री आहे का. तुम्ही घाईत दुसरंच तेवढं वाचलं असणार."

"दोन्ही वाचली होती," मी म्हणालो.

तिने मान वर केली.

"दोन्ही वाचली होती. तू विचारलंस, तेव्हा तुला एकच सांगितलं."

"बरं," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे तुम्हाला वाटलं असेल, उगाच घाबरवतोय."

"हो. गुरुवारी तसं वाटलं." एवढ्यावरही थांबता आलं असतं. "शनिवारी बेळगावच्या भाचीचा फोन आला. ती कॉलेजात संगणकच शिकवते. मी कौतुकाने तिला आदल्या दिवशी लेख मेलने पाठवला होता. ती हसली नाही. म्हणाली, मामा, ती फाईल उघडून बघा आधी. मी बघितली. उघडली नाही."

"शनिवारी?"

"शनिवारी सकाळी."

वृषालीने पदर सारखा केला. मग शिक्षिका फळ्यावर लिहिताना बोलतात तशा आवाजात म्हणाली, "मुदत सोमवारपर्यंत होती."

"हो. पण लेख रविवारी यायचा होता. तो थांबवला असता, तर संपादकांना कारण सांगावं लागलं असतं. आणि आल्यावर... तू बघितलंस ना, आल्यावर काय झालं ते. सगळा गाव हसत होता. माझ्या बाजूने हसत होता. तुला खरं सांगितलं असतं, तर सोमवारी माझ्यावर हसला असता."

"मी रविवारी विचारलं होतं तुम्हाला. बघू या का एकदा, म्हणून."

"हो."

"तुम्ही बरोबर आहे म्हणालात."

"हो."

मी बोलत राहिलो, कारण आता थांबलो असतो तर उरलेलं राहिलंच असतं. "सोमवारी सकाळी मी झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तू आक्कांना दाखला ठेवायला दिला होतास, तो कुसुमने काहीतरी सांगून मागून आणला होता. त्याची खरी पीडीएफ करून घेतली. पेनड्राइव्ह खिशात घातला. तुझ्या मोबाइलवर येणारा तो ओटीपीचा आकडा तेवढा हवा होता. पाच मिनिटांचं काम."

"सोमवारी तुम्ही आला होता इथं."

"सव्वाचारला."

"मी फोटो काढला तुमचा. रेवाला मांडीवर देऊन."

"हो."

"खिशात होता तेव्हा?"

"वरच्या खिशात."

तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं, जणू तो अजून तिथं असेल. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिचे ओठ हलले. ती मनात काहीतरी मोजत होती. मला वाटतं, मिनिटं नसावीत ती. रागावेल, रडेल, असं मी चार वर्षं धरून चाललो होतो आणि दोन्हींसाठी उत्तरं तयार ठेवली होती, बरीच चांगली. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही. ती उठली. टीपॉयवरचा पेपर उचलून घडी घातली, खुर्चीवरचं रेवाचं दप्तर खुंटीला लावलं. मग बाहेरच्या दिशेने म्हणाली,

"रेवा, आत ये ग. दार लावून घे. काका निघालेत."

मी उठलो. रेवा हातात डिंकाची बाटली घेऊन आत आली आणि मला जायला वाट देऊन दाराशी उभी राहिली. मी पायरीवर वाकून चपला शोधत होतो.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमचा चहा राहिलाय सगळा."

"राहू दे," आतून वृषाली म्हणाली. "दार लाव."